फोर-जी, दर्जा दुय्यम

माझ्या घरमालकांनी फोर-जीला दुय्यम दर्जा दिला, तेव्हा हे नेटवर्क गावात नुकतेच आले होते आणि बाकी सर्व लोक खूश होते. ग्रामपंचायतीसमोर मोठा फलक लागला होता. त्यावर एक तरुणी फोन हातात धरून हसत होती. मालक फलकाखाली उभे राहिले, स्वतःचा फोन काढून थोडा वेळ पाहत राहिले, "दुय्यम" म्हणाले आणि घरी आले. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली.

ते कापसाचे ग्रेडर होते. तेल्हारा तालुक्यातील सरकारी खरेदी केंद्रावर त्यांची सगळी नोकरी झाली. हे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी कापसाची गाडी घेऊन येतो. ग्रेडर गाडीत हात घालून मूठभर कापूस काढतो, अंगठ्यांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहतो, ओलावा पाहतो, कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस किती आहे ते पाहतो आणि दर्जा सांगतो. दर्जावर भाव ठरतो. गाडीच्या वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस आणि आत कवडी, हा प्रकार आमच्या भागात अज्ञात नव्हता. म्हणून मालक कोपरापर्यंत हात घालीत. निवृत्तीनंतरही त्यांचा हात थांबला नाही. बाजारात ते भेंडीच्या टोपलीत हात घालीत, वाण्याकडे डाळीच्या पोत्यात घालीत. एका लग्नात त्यांनी आहेराच्या लुगड्यांच्या गठ्ठ्यात हात घातला, तळचे लुगडे काढून उजेडात धरले आणि परत जागेवर ठेवले. त्या घरून त्यांना पुन्हा आमंत्रण आले नाही. त्यांना त्याचे काही वाटले नाही.

मी तेव्हा त्या गावच्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होतो आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. खोल्या देण्यापूर्वी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"सर, तुमी आवाज करता काय?"

"नाही."

"बरं."

आमचे पुढील सर्व संबंध याच पद्धतीने चालले आणि चांगले चालले. त्यांच्या पत्नी मी येण्यापूर्वीच वारल्या होत्या. अर्चना ही एकुलती एक मुलगी अकोल्याला शेतकी शिक्षण घेत होती.

मोबाइल कंपन्यांशी त्यांचे बिनसले ते थ्री-जीपासून. चौकातील सलीमभाई रिचार्जचे आणि फोनविक्रीचे दुकान चालवीत. त्यांच्या शब्दावर मालकांनी नवा फोन घेतला. फोनच्या कोपऱ्यात थ्री-जी असे उमटले. मुलीने अकोल्याहून पाठविलेला फोटो मात्र पूर्वीसारखाच येईना. नुसते चक्र फिरत राही. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र आणण्यासाठी चौकात गेलो, तेव्हा मालक दुकानाच्या फळीवर बसलेले होते.

"काकाजी, देखो ना, कोने में लिखा है थ्री-जी," सलीमभाई म्हणाले.

"लिहेल तर मलेबी दिसते. आतमधी काय हाय थे दाखव."

"अब अंदर का मैं कैसे दिखाऊँ? कंपनी ने लिखा है."

"कास्तकारबी गाडीवर वरून चांगलाच कापूस घालत होते, सलीम. मी कोनाची वरची मूठ घेतली काय कधी?"

"काकाजी, ये फोन है, गाडी नहीं है."

"माल हाय न? मंग झालं."

सलीमभाईंनी चहा मागविला. मालकांनी तो घेतला नाही. नोकरीत असल्यापासून ते विकणाऱ्याच्या हातचा चहा घेत नसत.

त्यानंतर त्यांनी तपासणीची पद्धत बसविली. नमुना म्हणून घरच्या वासराचा एक फोटो निश्चित झाला. अर्चनाने तोच फोटो अकोल्याहून पाठवायचा आणि त्यांनी तो गावातील निरनिराळ्या जागी उभे राहून उतरवून घ्यायचा. मुलगी कंटाळली.

"बाबा, तेच वासरू किती वेळा पाठवू? थे आता बैल झालं."

"नमुना बदलला तं दर्जा समजत नाई."

फोटो जसा येई तसा दर्जा ठरे, आणि शब्द कापसाचेच असत. बोलणे तुटत असेल तर धागा आखूड. चित्र येऊन अडकत असेल तर माल ओलसर. मध्ये जाहिराती फार येत असतील तर कचरा जास्त. मारुतीचा ओटा, शाळेची पाण्याची टाकी, पिठाच्या गिरणीमागची भिंत या सर्व जागांना त्यांनी दर्जा दिला होता. घरात माझ्या खोलीची दक्षिणेकडील खिडकी सर्वोत्तम ठरली. त्यामुळे माझी वाचण्याची जागा गेली.

कंपनीच्या तक्रार केंद्राला त्यांनी केलेला एक फोन मी ऐकला आहे. खिडकी माझीच होती.

"सर, आपके एरिया में फोर-जी उपलब्ध है," तिकडची मुलगी म्हणाली.

"उपलब्ध हाय थे मले मालूम हाय. चांगलं हाय काय थे सांग."

"जी सर, फोर-जी उपलब्ध है."

"बाई, नमुन्यापरमाने माल नाई तुमचा."

"सर, क्या मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?"

"पयली तं करा."

फोन तुटला. तो तिने ठेवला की नेटवर्कने, हे ठरविता आले नाही. मालकांनी संशयाचा फायदा मुलीला दिला.

त्यांना लोक हसत असत. पण ती वर्षे हसून भागण्यासारखी नव्हती. लागोपाठ हंगाम बोंडअळीने खाल्ले होते. बोंड उघडून पाहावे तर आत कवडीच. त्यातच तूर विकायची तर नोंदणी फोनवर, विमा फोनवर, नुकसानीचा अर्ज फोनवर, अशी व्यवस्था आली. सर्व कागदोपत्री गावाला फोर-जी होते. त्यामुळे "आमच्याकडे नेटवर्क नाही" असे तहसिलीत सांगितले तर तेथील कारकून फोनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवीत. अशा वेळी लोक मालकांच्या दारात येत.

"ग्रेडरसाहेब, आज कुठं हाय?"

"गिरनीमांगं जाय. मारुतीच्या वट्ट्यावर जाऊ नको, तिथं माल ओला हाय आज."

माणूस गिरणीमागे जाई आणि पुष्कळदा त्याचे काम होई. आभार मानायला परत कोणी येत नसे. मालकांची तशी अपेक्षाही नव्हती.

अर्चनाचे शिक्षण संपले आणि ती घरी परत आली. नोकरीसाठी दोन ठिकाणी तिला नकार मिळाला होता. बार्शीटाकळीच्या मामांनी एक स्थळ आणले होते. मुलाकडची मंडळी घाई करीत होती, आणि मामा त्यांच्याहून अधिक. याच सुमारास दक्षिणेतील एका सूत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिचा अर्ज पहिल्या फेरीत निवडला गेला. पुढील मुलाखत फोनवर, समोरासमोर चित्र दिसेल अशी होणार होती. ती तिने साधली तर ती जाणार होती. न साधली तर मामांचे स्थळ होते. हे घरात कोणी बोलून दाखविले नाही. तिघांनाही ते माहीत होते.

प्रयोगशाळेचा निरोप निघाला एका दिवशी आणि आमच्या गावात उतरला दुसऱ्या दिवशी. मुलाखत उद्यावर आलेली होती. सकाळची किंवा दुपारची वेळ निवडून लगेच कळवायचे होते.

"मी अकोल्याले जातो," अर्चना म्हणाली. "मैत्रिणीकडे बसतो. तिथं चांगलं चालते."

"अकोल्याचा माल मी तपासेल नाई," मालक म्हणाले. "अनोयखी मालावर सौदा करू नाई. इथंच बस."

"मंग सकाळची वेळ घेतो."

"दुपारची घे. सकाळचा माल मी पाहत नाई."

हा त्यांचा नोकरीतला नियम होता. पहाटेच्या दवाने कापूस ओला असतो, ओला कापूस वजनाला जड भरतो, म्हणून सकाळी आलेली गाडी ते उघडूनही पाहत नसत. दुपारपर्यंत ऊन खाऊ देत आणि मगच हात घालीत.

"बाबा, नेटवर्कले दव लागत नाई."

"सगळ्याले लागते."

"सकाळी गाव झोपेल असते. कोनी फोन पाहत नाई. चांगलंच चालन."

"दुपार," मालक म्हणाले.

अर्चनाने माझ्याकडे पाहिले. मला तिचे म्हणणे पटले होते. परंतु दर्जाच्या बाबतीत त्या घरात अपील नव्हते. तिने दुपार कळविली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मालकांनी माझ्या खिडकीत नमुना घेतला. अर्चना खालूनच वासरू पाठवीत होती. वासरू आले नाही. मालकांनी फोन खिडकीबाहेर धरला, उंच धरला, पुसून घेतला. कोपऱ्यात फोर-जी स्पष्ट दिसत होते. ते जिना उतरले आणि मी त्यांच्यामागे गेलो.

चौकात लिंबाखाली पुरुष मंडळी बसली होती. जेवणे झालेली, शेतात विशेष काम नाही, आणि त्या दिवशी क्रिकेटचा सामना. प्रत्येकाच्या हातात फोन होता. घराघरांच्या ओसरीवरही तेच चालू असणार. त्या माणसांकडे त्यांनी आजवर काही मागितल्याचे माझ्या माहितीत नाही.

"राजेहो," ते म्हणाले, "एक घंटा फोन बंद ठेवा. पोरीची मुलाखत हाय."

कोणीतरी हसले. एकाने विचारले, "काऊन साहेब? तुमच्या खिडकीत तं सुपर माल होता म्हने."

"आज नाई," मालक म्हणाले.

मागून रामभाऊ उठला. त्याच्या वडिलांचा कापूस मालकांच्या केंद्रावर जात असे.

"साहेब, माहा बाप पाहाटे गाडी जुपून येत होता. तुमी म्हनत, सकाळचा माल पाहत नाई, दुपारी पाहू. दुपारपर्यंत बैल उन्हात, बाप उन्हात. एका साली कटाळला अन् व्यापाऱ्याच्या दारात गाडी खाली करून आला. मातीच्या भावानं."

"सकाळचा कापूस ओला असते."

"पाह्यला होता काय तुमी?"

"पाह्याची गरज नसते."

रामभाऊने फोन बंद करून बंडीच्या खिशात घातला. "तुमच्यासाठी नाई," तो म्हणाला. "पोरीचं काम हाय म्हनून." आणि लिंबाखालच्या मंडळींना मोठ्याने म्हणाला, "चाला रे, झाकन लावा! म्याच पयून नाई जात." सलीमभाईंनी दुकानातून हाक दिली, "मेरा भी बंद, काकाजी!" बायकांना सांगायला मुले घराघरांत गेली.

आम्ही परत आलो तेव्हा वासरू उतरलेले होते.

मुलाखत सुरू झाली. अर्चना खिडकीशी बसली. मालक आणि मी जिन्यात. पडद्यावर तिघे होते आणि त्यांचे बोलणे स्वच्छ ऐकू येत होते. सुरुवातीला ओळख, गाव, शिक्षण असे चालले. ती नीट उत्तरे देत होती. मग त्यांच्यातील वडीलधारे गृहस्थ इंग्रजीत म्हणाले की, तुमच्या लहानशा गावात फोर-जी फारच छान दिसते, आमच्या शहरापेक्षा बरे.

मालक उठले. मी त्यांचा सदरा धरला. उपयोग झाला नाही. ते आत जाऊन मुलीच्या खांद्यामागे उभे राहिले आणि पडद्याला म्हणाले, "साहब, ये सच नहीं है. पूरे गाँव ने फोन बंद रखा है, इसलिए चल रहा है. हमारा फोर-जी दुय्यम है."

मग त्या गृहस्थांनी विचारले, आपण कोण?

"कापूस का ग्रेडर. रिटायर."

त्या गृहस्थांना कुतूहल वाटले, हे दुर्दैव. ते सूत तपासणारे होते. हाताने दर्जा देणारा माणूस त्यांना बहुधा पुष्कळ दिवसांत भेटला नव्हता. त्यांनी प्रश्न विचारले आणि मालकांनी उत्तरे दिली. धाग्याची लांबी झाली, कवडी झाली, ओलाव्याचा विषय निघाला. अर्चना दोघांच्या मध्ये खाली मान घालून बसली होती. तिची खरी परीक्षा अजून सुरूच झाली नव्हती. तेवढ्यात चौकात कोणीतरी धावफलक पाहण्यासाठी फोन उघडला असावा, आणि एकाने उघडल्यावर सर्वांनी. पडद्यावरचे गृहस्थ तोंड उघडे ठेवून थांबले. पुढे ते हललेच नाहीत.

"तुमी बाहीर काऊन नाई थांबले?" अर्चनाने विचारले.

"खोटा दर्जा लागून राहिला होता."

"थो नेटवर्कले लागत होता न, बाबा? मले तं लागाचाच होता अजून."

तिने त्यांच्याशी बोलणे थांबविले. स्वयंपाक वेळेवर होत होता, पाणी तापत होते, शब्द नव्हता. बार्शीटाकळीहून मामांचे फोन येऊ लागले. ते व्यवस्थित लागत.

काही दिवसांनी अर्चना भल्या सकाळी माझ्या दारात आली. तिने चांगला पंजाबी ड्रेस घातला होता. मालक पाटाच्या रस्त्याने फिरायला गेले होते.

"सर, खिडकी पाह्यजे होती. मी त्याहिले लिहिलं होतं. त्याहिनं परत वेळ देल्ली. सकाळची मागतली मी."

मी खुर्ची सोडली आणि जिन्यात जाऊन बसलो. मुलाखत बराच वेळ चालली. एकदाही काही तुटले नाही. तिला यंत्रांविषयी विचारले, नमुना कसा काढावा हे विचारले. ती बोलत होती, अडखळत नव्हती.

मालक फिरून आले, जिना चढले आणि तिचा आवाज ऐकून थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"कवापासून?"

"झाला पुष्कळ वेळ."

"तुटलं काय?"

"नाही."

जिना बाहेरून, उघड्यावर होता आणि कठड्यावर दव होते. त्यांनी त्यावरून बोट फिरविले, बोट पाहिले आणि सदऱ्याला पुसले. मग ते तेथेच माझ्या खालच्या पायरीवर बसले. तिचे बोलणे संपेपर्यंत ते आत गेले नाहीत.

अर्चनाची निवड झाली. मामांना कळविण्याचे काम मालकांनी स्वतः केले. ते संभाषण लहान होते. ती जाण्याच्या दिवशी आम्ही दोघे अकोल्याला स्थानकावर गेलो. गाडी सुटेपर्यंत बाप-लेक एकमेकांशी पाण्याच्या बाटलीविषयी आणि कुलपाविषयी बोलले. दुसरा विषय निघाला नाही.

ती तिकडे पोचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला खालून हाक मारली. आम्ही चालत रामभाऊच्या घरी गेलो. का, हे त्यांनी सांगितले नाही. रामभाऊ गोठ्यात शेण काढीत होता. त्याने आम्हाला पाहून फावडे भिंतीला टेकविले.

"रामभाऊ," मालक म्हणाले, "त्या सालचा तुह्या बापाचा कापूस ओला होता, का कोल्डा?"

रामभाऊने हात धुतले. त्याला वेळ लागला.

"बाप जाऊन किती वर्सं झाले, साहेब. मी तवा लहान. थे तवाच हात घालून पाहाले पाह्यजे होतं."

मालकांनी मान हलविली. मग रामभाऊने विचारले, "पोरगी पोचली काय?"

"पोचली."

"बोलनं झालं?"

"झालं," मालक म्हणाले. "सकाळी."